अंदमानची सहल आणि सासूबाईंची नवमी

वृंदा पहाडगंजात जन्मली, तिथल्याच मराठी शाळेत शिकली. लग्नानंतरही दिल्ली काही सुटली नाही. बिऱ्हाड तेवढं द्वारकेच्या नव्या सोसायटीत, सातव्या मजल्यावर गेलं. पन्नाशी आली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. देवापुढे दिवा लावताना ती कधी काही मागत नसे. त्या वर्षी पद्माकरच्या गुडगावच्या कंपनीने नवरा-बायकोला अंदमानची सहल देऊ केली, तेव्हा तिला वाटलं, न मागताच मिळालं.

सहल फेब्रुवारीतली. ती ठरली त्याच सुमारास साताऱ्याहून थोरले दीर दत्तात्रयदादांचा फोन आला. त्यांची नुकतीच बायपास झाली होती. आईचं श्राद्ध आजवर त्यांनीच केलं, पण यंदा डॉक्टर उपाशी राहू देईनात. माघ वद्य नवमी पद्माकरने दिल्लीत करावी, एवढंच त्यांचं मागणं. वृंदाने स्वयंपाकघरातलं, किराणावाल्याने दिलेलं हिंदी पंचांग पाहिलं. माघ कृष्ण नवमी जानेवारीतच होती. श्राद्ध करूनच निघू, असं तिने निर्धास्तपणे सांगून टाकलं. तिकिटं निघाली. सेक्टरच्या बाजारातून तिने वाळूत चालायच्या चपलाही आणल्या.

मग गुरुजींना सांगायला फोन केला.

"वहिनी, ही इकडची नवमी. आपला माघ अजून लागायचाय."

उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे आपल्या पौषातल्या वद्य पक्षाला इकडे माघ म्हणतात. सणवारांत हा फरक कधी नडला नव्हता, आता नडला. खरी नवमी नेमकी अंदमानच्या मुक्कामात पडत होती.

कंपनी तारीख बदलून देईना. तिथी चुकली तर अमावास्येला करता येतं, असं गुरुजी म्हणाले होते. पद्माकरने तेच धरलं.

"शास्त्रात सोय आहे ना, मग झालं. मला एकदा तुला समुद्र दाखवायचाय."

तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. जायचं तर तिलाही होतं. पण दादांना अंधारात ठेवणं तिच्याने होईना. सकाळचा दिवा लावून तिने फोन केला, चूक आपली हे सांगितलं.

"तुम्ही जा बिनघोर. नवमीला मी बसतो इथे."

"तुम्हाला उपास झेपायचा नाही, दादा."

"आईचं आहे गं."

फोन ठेवून ती पद्माकरला एवढंच म्हणाली, की आपण नको जाऊया. मग ऑफिसात जाऊन त्याने सहल राघव नावाच्या तरुण सहकाऱ्याला देऊन टाकली.

नवमीला वृंदाने सोवळ्यात स्वयंपाक केला. खीर, वडे, आमसुलाची चटणी. पद्माकर पिंडांपुढे बसला. गुरुजी जेवून उठले तशी तिने साताऱ्याला फोन लावला. जाऊबाईंनी घेतला.

"तिकडे होतंय म्हटलं तरी ऐकलं नाही गं त्यांनी. सकाळपासून पाणीसुद्धा नाही. थांब, वाढते आता."

ताट ठेवल्याचा आवाज आला. दादांनी पहिला घास घेतला, असं जाऊबाईंनी सांगेपर्यंत वृंदाने फोन खाली ठेवला नाही.