एक मूल सांगा

ज्या मैत्रिणीने माझा विश्वासघात केला तिच्याशी मी आता बोलत नाही. पुढेही बोलणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी समेट होईल अशी वाट बघत कुणी बसायला नको.

आम्ही दोघी पुण्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होतो. ती पेठेतली. मी वऱ्हाडातून आलेली, शहराबाहेरच्या मांजरी गावात तिघींबरोबर एका खोलीत राहणारी. पहिल्या वर्षी माझ्या ‘मले-तुले’वर सगळा वर्ग हसला तेव्हा ती हसली नव्हती, आणि मैत्री व्हायला तेवढं पुरलं. रविवारी ती मला घरी न्यायची. तिची आई ‘आता जेवूनच जा’ असं म्हणायची आणि खरंच पान वाढायची. पुण्यात ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते बाहेरून आलेल्यांना विचारा.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात एक मोहीम सुरू झाली. गरीब देशांतल्या मुलांच्या लशींसाठी श्रीमंत देश जी मदत देतात, तीत त्यांनी हात आखडता घ्यायला सुरुवात केली होती. ती थांबू नये आणि आपल्याही सरकारने आपला वाटा वाढवावा, म्हणून विद्यार्थ्यांनी खासदारांना आणि वकिलातींना पत्रं पाठवायची, त्यावर लोकांच्या सह्या घ्यायच्या. मैत्रीण मोहिमेची पुढारी झाली, कारण तिला बोलता येतं. मी तिच्यामागे पत्रांचा गठ्ठा घेऊन हिंडायची. स्वारगेटला बसच्या रांगेत एका आजोबांनी आमचं पत्र चष्मा चढवून शेवटपर्यंत वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, “जगाचं नंतर बघा. आधी बाजूला व्हा, माझी बस आलीय.”

असल्या बोलण्यावर मैत्रीण चिडायची. मी चिडत नसे. मला ते काम मनापासून हवं होतं, आणि त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मला एक धाकटा भाऊ होता. दहा महिन्यांचा असताना तो गोवराने गेला. मी तेव्हा सहा वर्षांची होते. त्याच्या महिनाभर आधीची एक सकाळ मला लख्ख आठवते. नर्सबाई मुलांना टोचायला घरोघर बोलवत आली होती. आधीच्या सुईने भावाला दोन दिवस ताप आला होता, आणि आता कापूस वेचणीचे दिवस होते. तापाचं पोर घेऊन शेतात कसं जायचं? आईने त्याला मागच्या खोलीत निजवलं आणि दारात येऊन सांगितलं, “तो मामाच्या गावी गेला.” नर्सबाईने वहीत काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या घरी गेली.

भाऊ गेल्यावर आई एवढंच म्हणायची, “तेवढंच आयुष्य घेऊन आला होता तो.” त्या वाक्यावर ती जगली. वेचणीला गेली, मला शिकवलं, पुण्याला पाठवलं. ती सकाळ आणि तो गोवर यांची सांगड तिने कधी घातलीच नव्हती. मीही घातली नव्हती. दुसऱ्या वर्षी एक डॉक्टर आमच्या वर्गात आले आणि कुठली लस कोणत्या महिन्यात का देतात ते फळ्यावर लिहीत गेले. ‘नऊ महिने: गोवर’ या ओळीपाशी माझा हात थांबला. त्या दिवशी मी मनाशी एकच ठरवलं: आईला हे कधीच कळू द्यायचं नाही.

पण असलं काही एकटीच्या पोटात राहत नाही. एका रविवारी मैत्रिणीच्या गच्चीत आम्ही फलक रंगवत होतो आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. ती रडली. माझा रंगाने बरबटलेला हात धरून म्हणाली, “कुणाला सांगणार नाही, आईशप्पथ.” त्या क्षणी ती खरंच बोलत होती, असं मला आजही वाटतं. त्याने माझा राग कमी होत नाही, उलट वाढतो.

पुढच्याच आठवड्यात भाषणं कशी करावीत हे शिकवायला एक सर आले. ते म्हणाले, “आकडे सांगू नका, आकड्यांना कुणी रडत नाही. एक मूल सांगा.” झालं, सगळे आपापलं एक मूल शोधायला लागले. कुणी कामवालीचं शोधलं, कुणी परदेशातल्या बातमीतलं. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने समजल्यासारखी मान डोलावली.

मोहिमेचा मुख्य कार्यक्रम कॉलेजच्या सभागृहात झाला. पाहुणे होते, कॅमेरा होता. मी चौथ्या रांगेत बसले होते. मैत्रीण बोलायला उभी राहिली आणि दुसऱ्याच मिनिटाला माझ्या गावात पोचली. कापूस, नर्सबाई, मागची खोली, काही म्हणजे काही सोडलं नाही. आणि माझ्या तोंडून कधीही न निघालेला एक शब्द तिने वर घातला: “एका अडाणी आईने आपल्या बाळाला लशीपासून लपवलं.” मग थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, “त्या बाळाची बहीण आज इथे आपल्यात बसली आहे.” आणि तिने माझ्याकडे हात केला.

सगळं सभागृह वळलं. टाळ्या सुरू झाल्या. आणि मी उठले, हात जोडून नमस्कार केला. का केला ते विचारू नका. मला अजून त्याची लाज वाटते.

बाहेर जिन्यात मी तिला गाठलं.

“मी तुझं नाव घेतलं का?” ती म्हणाली.

“हात केलास ना माझ्याकडे!”

“अगं, इम्पॅक्ट बघ ना. महिन्याभरात झाल्या नाहीत एवढ्या सह्या आज झाल्या. तुझ्या भावामुळे कितीतरी मुलं वाचतील. आणि तुझी आई थोडीच बघणार आहे?”

सह्यांचं ती खरंच सांगत होती. मी एवढंच म्हटलं, “ती अडाणी नाही.” तर म्हणाली, “तो शब्द जरा चुकला, सॉरी.” जरा!

आई थोडीच बघणार? माझा चुलतभाऊ हिंजवडीला कंपनीची बस चालवतो. त्याने कॉलेजने नेटवर टाकलेला त्या भाषणाचा व्हिडिओ पाहिला आणि ‘आपल्या ताईचा अभिमान’ असं लिहून नात्यातल्या सगळ्यांना पाठवला. त्याचा काय दोष? दोन दिवसांनी काकूच्या फोनवरून आईचा फोन आला. ही धाकटी काकू आमच्या शेजारच्याच घरात राहते. मला वाटलं आई रडेल. समजूत घालायला मी चार वाक्यंही मनात जुळवून ठेवली होती.

“कवापासून माईत होतं तुले?” आईने विचारलं.

“दुसऱ्या वर्षापासून.”

“म्हंजे दोन दिवाया घरी येऊन गेली तू.”

“तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं, आई.”

“त्या पोरीले सांगतलं. मले नाही सांगतलं.”

मग ती अगदी सावकाश म्हणाली, “काकूच्या पोरीले बलावाले नर्सबाई दोनदा आली होती. मीच म्हटलं काकूले, राहू दे, ताप येते. दोन्ही खेपा मीच वापस पाठवलं बाईले.”

काकूची पोर दीड वर्षाची आहे. गेल्या दिवाळीत मी तिला कडेवर घेऊन गावभर मिरवलं होतं. जगातल्या पोरांसाठी स्वारगेटला परक्या माणसांपुढे हात पसरणारी मी, माझ्या कडेवरच्या पोरीला टोचलंय का, हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आईला कारण सांगावं लागलं असतं.

“तू सांगतलं असतं तर मी बाईले वापस पाठवलं असतं का?” आई म्हणाली. “उद्या पोरीले घेऊन आमी दोघी दवाखान्यात जातो. काकूले मीच सांगतलं सगळं.”

“मी येऊ का गावाला?” मी विचारलं.

“कायले?” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.