निजलेली सहा मुलं

मागच्या वर्षी वज्रेश्वरीला एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, शेजारच्या माणसाशी ओळख निघाली. तो कामतघर या यंत्रमागांच्या वस्तीत लहानाचा मोठा झालेला. जुन्या चाळी, जुने कारखाने यांच्या गोष्टी निघाल्या आणि बोलता बोलता तो म्हणाला, "आमच्याकडं एक अफूवाली मावशी होती. लोकांची पोरं सांभाळायची. अफू देऊन निजवायची म्हणे." तो हसला आणि पानातली भजी उचलली. हे 'म्हणे' कुठून सुरू झालं ते सांगू शकेल असा जिवंत माणूस बहुधा मी एकटाच आहे, कारण ते माझ्यापासून सुरू झालं. त्या बाईनं कुणाच्या मुलाला अफू दिली नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पंचविशीचा होतो. गावातल्या काही सुखवस्तू बायका आणि एक डॉक्टर यांनी मिळून एक समिती काढली होती. घरच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या, बाळंतिणीचं करणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या एकट्यादुकट्या बायकांना हात द्यायचा, हे तिचं काम. हात म्हणजे दुधाच्या भुकटीचे डबे, औषधाची पेटी, आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरांची फेरी. मी समितीचा पगारी माणूस. सायकलवरून जायचं, छापील फॉर्म भरायचा, खाली चार ओळी शेरा लिहायचा. शेरा पाहून समिती ठरवायची.

मदतीसाठी समितीकडं अर्ज आलेली ही मावशी चाळिशीची, वज्रेश्वरीकडच्या एका खेड्यातून आलेली. नवरा यंत्रमागावर कामाला होता, तो वारल्यावर तिनं कामतघरातल्या आपल्या एका खोलीत मुलं सांभाळायला घेतली. आया कांडीवर जायच्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती भरायचं काम बायकांचं. खोली कारखान्याला खेटून होती, मधे एकच भिंत. त्यामुळे आया सुट्टीत धावत येऊन मुलाला पाजून परत जायच्या.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. भिंतीपलीकडं माग चालू. बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी जावं लागत होतं. आणि त्या गदारोळात वरच्या वाशाला टांगलेल्या सहा झोळ्यांत सहा मुलं गाढ झोपलेली. एकाचंही बोट हलत नव्हतं. झोळ्या मात्र कुणी हात न लावता बारीक थरथरत होत्या. ते मला दिसलं, पण वाऱ्यानं असेल म्हणून सोडून दिलं. खोलीला खिडकी एकच होती आणि ती बंद होती, हे मी त्याच फॉर्मवर लिहिलं होतं.

कोपऱ्यात सहाण होती आणि तिच्यावर तपकिरी ओघळ. मी विचारलं, "हे काय?"

"गुटी," ती म्हणाली. "जायफळ, वेखंड, हळकुंड. तुमच्या आईनं न्हाय दिली तुमाला?"

दिली होती. पण आमच्या गावात बायका शेतावर जाताना गुटीत मोहरीएवढी अफूही घालायच्या, तेही मला माहीत होतं. माझ्या आत्येचा मुलगा असाच एकदा झोपला तो उठलाच नाही. मी एका झोळीजवळ गेलो आणि मुलाच्या कानापाशी टाळी वाजवली. मूल हललं नाही. दुसऱ्यांदा वाजवली.

"साहेब, भजन हाय का?" ती म्हणाली आणि खळखळून हसली.

मला कुतूहल होतं. सहा मुलं अशी झोपतात कशी, हा प्रश्न मला खरोखर पडला होता. फक्त तो मी तिला विचारला नाही. फॉर्मवर खोलीची लांबी होती, रुंदी होती, पिण्याच्या पाण्याची सोय होती. मुलं कशानं झोपतात हा रकाना नव्हता. खाली शेऱ्यात मी लिहिलं: मुलांना गुंगीचे काही दिले जात असल्याचा संशय येतो.

समितीनं तिचा अर्ज नामंजूर केला. डॉक्टर म्हणाले, स्वतः जाऊन बघायला हवं, पण त्यांना वेळ मिळाला नाही. समितीतल्या कुणीतरी घरी बोललं असणार, तिथून मोलकरणीच्या कानावर आणि मग वस्तीत गेलं असणार, 'गुंगी'ची 'अफू' होऊन. हा माझा अंदाज आहे.

नामंजुरीचा कागद घेऊन मीच गेलो. दारात उभा होतो आणि कागद खिशातून काढणार तेवढ्यात लाइट गेली. पलीकडचे माग एकदम थांबले. इतकी शांतता त्या खोलीत मी ऐकली नव्हती. दहा अंक मोजायच्या आत एका झोळीतून पाय बाहेर आला, मग दुसरीतून, आणि सहाच्या सहा जणांनी भोकाड पसरलं.

"बघा," ती एका काखेत एक आणि दुसऱ्या काखेत दुसरं मूल घेत म्हणाली. "लूम थांबला, ह्यांची ड्युटी सुरू. पोटात व्हती तवापासून हाच आवाज. आन् हा वासा बघा, त्याचं एक टोक कारखान्याच्या भिंतीत हाय. माग चालतो तवर वासा हलतो, वासा हलतो तवर झोळी हलते. मला हात लावाया लागत न्हाय."

मी वर पाहिलं. वासा भिंतीत गेलेला स्पष्ट दिसत होता. पहिल्या दिवशीही तो तिथंच होता.

त्या वेळी मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. कागद तसाच परत नेऊन समितीला सांगायचं, की मी चुकलो. किंवा तिला खरं सांगायचं. माझी नोकरी कायम व्हायची होती आणि पहिलाच मोठा शेरा खोटा निघाला असता. मी कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?"

"आत्ता जमत नाही म्हणतात."

"कशापायी?"

"खोली लहान आहे," मी म्हणालो. ते वाक्य तोंडातून आपोआप आलं.

तिनं खोलीभर नजर फिरवली आणि मान हलवली, जणू ती चूक तिचीच होती. "डागदर आला असता तर बरं व्हतं," ती म्हणाली. "त्या धाकट्याचा खोकला मला कळत न्हाय. मोठी खोली घेतली तर पुन्यांदा लिवाल ना?"

मी हो म्हणालो.

दोन महिन्यांनी तिनं खरंच मोठी खोली घेतली. तळ्याच्या बाजूला, दोन खिडक्या, हवा खेळती, आसपास एकही कारखाना नाही. मी फॉर्म घेऊन गेलो तेव्हा ती एका मुलाला पायांवर घेऊन हलवत होती, दुसरं पाठीवर होतं, तिसरं जमिनीवर रडत होतं. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलेलं. मुलं तीनच उरली होती. पाजायला इतक्या लांब चालत यायला आयांना जमत नव्हतं.

"हितं निजत न्हाईत," ती म्हणाली.

"तुम्हाला ठाऊक होतं ना, लूमशिवाय निजत नाहीत ते?"

"ठावं व्हतं की. पण तुमी शिकलेली मान्सं. तुमी म्हणालात खोली मोठी पायजे. म्हटलं, त्यात कायतरी असंल."

मी खाली बसून लांबीरुंदी लिहिली. शेऱ्यात लिहिलं: मुले जागी व हुशार दिसली. समितीनं पुढच्याच बैठकीत मंजुरी दिली.

मंजुरीचं पत्र पोचवायला गेलो तर त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. शोधत शोधत ती सापडली निजामपुरा वस्तीतल्या एका कारखान्यात, कांडीच्या मशीनवर. शेजारच्या बायकांनी माझ्याकडं पाहिलं. ती हात पुसत बाहेर आली. मी पत्र वाचून दाखवलं: दुधाचे डबे, औषधाची पेटी, दर बुधवारी डॉक्टर.

"आता ह्याचं काय करू?" ती म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारत होती.

"पुन्हा सुरू करा. जुन्या जागी."

"ती खोली गेली, साहेब. तिथं आता सूत ठेवतात." मग म्हणाली, "तिथल्या बाया मला बघून पोरं उचलून घेतात. काय झालं ते मला कुणी सांगत न्हाय. तुमाला काय ठावं हाय का?"

मी म्हणालो, मला काही कल्पना नाही.

तिनं पत्र घडी करून माझ्या हातात परत दिलं. "ठेवा तुमच्याकडं," म्हणाली आणि आत जाऊन मशीनवर बसली.