खरजेचा हिवाळा

माझं माहेर ठाण्याचं, टेंभी नाक्याच्या अलीकडे. लग्न होऊन मी कल्याणला आले तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. सासरी माणसं मोजकी. मामंजी कचेरीतली नोकरी संपवून घरी बसले होते, इकडे, म्हणजे आमच्या यजमानांची, मराठी शाळेत मास्तरकी होती, आणि सासूबाई सगळं घर हाकत होत्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या वन्सं मंगळागौरीसाठी माहेरी आल्या होत्या. दिवाळीनंतर त्यांना सासरी पोचवायचं होतं.

मंगळागौरीला आळीतल्या पोरी आमच्याकडे जमल्या, खेळ खेळलो, आणि दमून जिथे जागा मिळेल तिथे एकेका गोधडीत तिघी-चौघी झोपलो. त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या बोटांच्या बेचक्यांत बारीक बारीक पुटकुळ्या दिसू लागल्या. दिवसा त्यांचं काही वाटायचं नाही. पण गोधडी अंगावर घेऊन जरा ऊब आली की अशी खाज सुटायची, की हातांना लावून घ्यायला काथ्या मिळाला तर बरं, असं वाटे. पुढे मनगटं झाली, कोपर झाले, कमरेला नेसण बसते तिथेही झालं. तोंड तेवढं स्वच्छ राहिलं.

मी पदराआड हात लपवून वावरत असे. पण वाढताना पदर कुठवर ओढणार? सासूबाईंच्या नजरेनं एक दिवस ते टिपलंच.

"ठाण्याहून आणलीस हो ही," त्या म्हणाल्या. "तिथलं पाणीच वाईट."

ठाण्याच्या पाण्यावर कुणी बोललेलं मला खपत नसे, पण नव्या सुनेनं काय बोलायचं! सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी लगेच कडुनिंबाचा पाला उकळून मला त्या पाण्यानं न्हाऊ घातलं, वांगं आणि गूळ बंद केला, रक्त शुद्ध व्हावं म्हणून उपळसरीचा काढा दिला. काढा प्यायला छान लागायचा. खाज होती तिथेच होती.

दिवाळीत मात्र सगळं उघडं पडलं. नरकचतुर्दशीला मामंजी पाटावर बसले, सासूबाईंनी तेल जिरवलं आणि उटणं लावायला घेतलं. उटणं पोटाशी पोचतं न पोचतं तोच मामंजी पाटावरून उठून उभे राहिले.

"अगं, मिरच्या कुटून घातल्यात की काय यात?"

"काहीतरीच! नेहमीचंच उटणं आहे," सासूबाई म्हणाल्या. पण बोलताना त्या स्वतःच हात झटकत होत्या, कारण ते उटणं त्यांच्याही बोटांना झोंबत होतं. मामंजींनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. त्यांनी मामंजींच्या पोटाकडे पाहिलं. मग इकडची पाळी आली; तिथे ओठ दाबून धरलेले. वन्संनी तर न्हाणीत शिरल्या शिरल्या "आई गं!" म्हणून हंबरडा फोडला. घरात पाच माणसं, पाचही जणांना खरूज, आणि जो तो आपली लपवत बसलेला. फराळाला बसलो तेव्हा आधी वन्सं हसल्या, मग मला हसू आवरेना, आणि शेवटी मामंजींच्याही मिशा हलल्या.

हसणं झालं, पण काळजी होतीच. असे हात घेऊन लेकीला सासरी कसं पाठवायचं? इकडून सरकारी दवाखान्यात जाणं झालं, आणि दुसऱ्या दिवशी तिथले डॉक्टर स्वतः घरी आले. ते खाडीकाठच्या ख्रिस्ती शेतकरी घराण्यातले होते. बोलण्याला त्या गावांचा हेल होता आणि आवाज मोठा होता. मामंजींनी त्यांना ओटीवर बसवलं. आम्ही बायका माजघराच्या दाराआड उभ्या राहिलो.

डॉक्टरांनी आधी मामंजींना तपासलं. "हे पोटावरचं, बोटांमधलं, ही खरूज. आणि हे कमरेला काय आहे? केव्हापासून?"

"ते जुनं आहे. तेही त्यातलंच ना?"

"नाही. हे बघा, हे गोल आहे, कडेला उठलेलं, मधे साफ होत गेलेलं. हे गजकर्ण. ओलेत्यानं पूजा करता?"

"अर्थात."

"करा. पण पूजा झाली की कंबर कोरडी पुसा आणि वाळलेलं धोतर नेसा. ओल राहते तिथे हे पसरतं. याला मी वेगळी पूड देतो, ती फक्त यालाच लावायची. कपड्याला लागली तर डाग पडेल."

मग ते म्हणाले, "आता घरातल्या मंडळींचे हात पाहायला हवेत."

परक्या पुरुषासमोर घरातल्या बायका कशा येणार? मामंजी खाकरले. सासूबाई मला म्हणाल्या, "तू लहान आहेस, तू दाखव." मी दाराच्या फटीतून उजवा हात तेवढा बाहेर काढला. बाहेर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. डॉक्टरांनी भिंग धरलं असावं, कारण त्यांचा श्वास मनगटाला लागत होता.

"इथे सुतासारखी बारीक रेघ दिसते, बघा. किडा कातडीखालून चालत गेलाय, त्याची ही वाट. वाटेच्या टोकाला तो सापडतो. मुली, सुई टोचेल, हलू नकोस."

सुई टोचली, पण फारशी नाही. मग डॉक्टर म्हणाले, "या, बघा भिंगातून." मामंजी पुढे झाले. आणि एकदम त्यांचा आवाज आला:

"अरे, हा तर हलतोय! सूनबाई, जिवंत आहे हा!"

मामंजी तोवर माझ्याशी कधी थेट बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर सासूबाईंकरवी सांगत. मी दाराआडूनच "हो का?" म्हणाले. त्यानंतर वन्संचा हात माझ्या हाताखालून बाहेर गेला, आणि सगळ्यांत शेवटी सासूबाईंचा.

"ही कुणी आणली असेल हो?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"आई, ते शोधत बसाल तर ती इथेच राहील," डॉक्टर म्हणाले. "ही पाण्यानं येत नाही आणि वांग्यानंही येत नाही. अंगाला अंग लागलं, एका पांघरुणात निजलं, की येते. आज एकाला औषध लावाल, उद्या दुसऱ्याला, तर ती घरातल्या घरात फिरत राहील. सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. ज्याला खाज नाही त्यानंही."

औषध साधं होतं. गंधक बारीक वाटून खोबरेल तेलात कालवायचा आणि मानेपासून तळपायापर्यंत चोळायचा. तीन दिवस लावत राहायचं, अंघोळ नाही. मग कढत पाण्यानं न्हायचं, अंगावरचे आणि अंथरुणातले कपडे उकळायचे, गोधड्या उन्हात टाकायच्या. आठवड्यानं सगळं पुन्हा एकदा. "आणि ऐका," ते जाताना म्हणाले, "किडे मेले तरी खाज काही दिवस राहते. घाबरून रोज गंधक चोळत बसू नका, कातडी सोलून निघेल."

गंधक आणायला इकडून बाजारात जाणं झालं, तर काष्ठौषधीवाला म्हणाला, "मास्तर, दिवाळी झाली की! आता फटाके कशाला करता?"

ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही. इकडे शाळेतून रजा काढली होती. दारं लोटून घेतली होती, आणि घरात पाच पिवळी माणसं तेलानं चकाकत हिंडत होती. वास असा, की मांजर घर सोडून गेलं. देवांना हात कसा लावायचा म्हणून मामंजींनी पूजा शेजारच्या भटजींवर सोपवली, आणि इतका मोकळा वेळ त्यांना आयुष्यात प्रथमच मिळाला. एका जुन्या पंच्यावर बसून ते आम्हांला कचेरीतल्या गोष्टी सांगत. साहेबाची टोपी माकडानं कशी पळवली हे सांगताना ते स्वतःच माकडासारखे उकिडवे बसले, तेव्हा वन्सं हसता हसता भिंतीला टेकल्या आणि भिंतीवर त्यांच्या पाठीचा तेलकट ठसा उमटला. सासूबाई रागावल्या नाहीत. वारंवार हात धुऊन कांदा-पोहे आणि पिठलं-भात एवढंच त्या करत होत्या, आणि त्यांनाही स्वयंपाकातून जरा सुट्टी मिळाली होती.

चौथ्या दिवशी मागच्या अंगणात चुलाणावर हंडे चढले. कपडे उकळताना गंधकाचा वास आळीभर गेला. आता लोक काय म्हणतील, म्हणून सासूबाई धास्तावल्या होत्या. दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. शेजारच्या काकू होत्या. त्यांनी नुसती बोटं फाकवून समोर धरली. त्यांच्या पाठोपाठ पलीकडच्या घरातली सून आली, आणि तिच्या मागून आणखी दोघी. मंगळागौरीला आलेल्या पोरींनी आपापल्या घरी काय काय नेलं होतं, ते त्या दुपारी कळलं.

सासूबाईंनी सगळ्यांना अंगणात बसवलं आणि डॉक्टरांचं सगळं त्यांच्याच मोठ्या आवाजात सांगितलं. "मान सोडून खाली सगळीकडे. नखांच्या खालीसुद्धा. आणि सासू असो की सून, सगळ्यांनी एका दिवशी! कुणी आणली ते विचारायचं नाही." हे शेवटचं बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जवळ बसायची खूण केली.

एका रविवारी सगळ्या आळीनं गंधक लावला. त्या दिवशी आमच्या आळीत पाहुणा शिरला असता तर नाक धरून परत गेला असता. खाज लगेच गेली नाही. वन्सं रोज बोटं पाहून रडवेल्या होत, आणि सासूबाई त्यांना डॉक्टरांचे शब्द ऐकवत. मग एके दिवशी लक्षात आलं, की रात्रभर कुणीच उठलं नव्हतं. मामंजींचं गजकर्ण त्याहून हट्टी निघालं. त्याला पुरा हिवाळा लागला, आणि त्यांच्या दोन धोतरांवर तपकिरी डाग कायमचे बसले.

संक्रांतीच्या सुमारास वन्संना न्यायला त्यांच्या घरची माणसं आली. आदल्या दिवशी कासारीण बोलावली होती. वन्संनी हात पुढे केला, तो नितळ होता. कासारणीनं तो दाबला, वळवला आणि एकही बांगडी न फोडता हिरवा चुडा चढवला. मी कौतुकानं पाहत उभी होते. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तू काय बघत बसलीस? बस तिच्या शेजारी." आणि कासारणीला म्हणाल्या, "हिच्याही हातांत भर गं. चांगल्या पैलूच्या काढ."