गॅलरीखालचे चार खांब

माझ्या मामाला स्टुडिओत सगळे ‘ओळंबा’ म्हणायचे. भिंत सरळ आहे की कलली आहे, हे तो नुसता डोळा बारीक करून सांगायचा. कुणी हट्टाने दोरी लावून बघितलंच, तर मामाचंच खरं निघायचं. पस्तीस वर्षं त्याने सिनेमांसाठी खोटी घरं उभी केली. तो सुतारकाम करायचा, मी त्यावर रंग द्यायचे.

त्या सिनेमात तीन मजली घराचा फक्त दर्शनी भाग होता, मागे नुसते टेकू. दुसऱ्या मजल्यावर लांब गॅलरी. मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून मामा तीन दिवस सुट्टीवर गेला. तेवढ्यात मॅनेजरने गॅलरीखालचे चार सागवानी खांब दुसऱ्या सेटवर पाठवले आणि त्यांच्या जागी हलक्या लाकडाचे बसवून घेतले. ते मीच रंगवले. लाकूड रंग पीत होतं. दोन हातांत भागायचं, तिथे चार लागले. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी गप्प बसले.

मामाने परत आल्यावर बोटाच्या पेराने खांब वाजवला आणि माझ्याकडे एकदा बघितलं. त्या दिवशी गॅलरीचं दार चौकटीला घासत होतं. दुसऱ्या दिवशी कडी लागेना. वारा नसतानाही वरून बारीक करकर यायची. खाली चहा पिणारे क्षणभर थांबायचे आणि पुन्हा गप्पांना लागायचे.

अशात दिग्दर्शकाने गॅलरीत आधी ठरलेली चार नाही, बावीस माणसं उभी करायचं ठरवलं. सेटचा आराखडा कला दिग्दर्शिकेचा होता आणि मामाने तिच्याबरोबर पंधरा वर्षं काम केलं होतं, म्हणून तो तिच्याकडे गेला. तिने सगळं ऐकून घेतलं, पण शूटिंग थांबवणं आपल्या हातात नाही म्हणाली.

“काका, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

“पडायला दिवस लागत नाही,” मामा म्हणाला.

शूटिंगच्या सकाळी बावीस जण कपडे चढवून जिन्यापाशी रांगेत उभे राहिले. मामाने त्यांना बाजूला केलं, करवत काढली आणि सगळ्यांदेखत जिन्याच्या दोन्ही बाजू कापल्या. मॅनेजर तोंडाला येईल ते बोलला. मामाने हत्यारं पिशवीत भरली आणि फाटकाबाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी नवा जिना लागला. पण आता कला दिग्दर्शिका अडून बसली. माणसांच्या आधी वाळूची बावीस पोती वर ठेवून बघायची, असं तिने सांगितलं. एक हमाल ती वाहू लागला. चौदावं पोतं टेकवताना गॅलरी वाकली, अगदी सावकाश, आणि मग हमालासकट खाली आली. तो जगला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी मामाला फोन केला. काय झालं ते सांगितलं.

“जिना काय कापत बसलो मी,” तो म्हणाला. “खांब कापायला हवे होते.”

मग मी त्याला रंगाचं सांगितलं. त्याला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं.

स्टुडिओतून पुन्हा बोलावणी आली, तो गेला नाही. आता तो लोकांच्या घरांसाठी दारं बनवतो. तो हमाल मामाच्याच कारखान्यात बसून फळ्यांना पॉलिश पेपर घासतो. माळ्यावरून लाकूड काढायचं असलं की मामा सगळ्यांना खालून दूर व्हायला सांगतो आणि स्वतःच शिडी चढतो.