फ्रेडाची अंडी आणि बॅप्टिस्टचा पत्रा

आमच्या बोरिवलीच्या गावठाणात फ्रेडाला ‘बिचारी’ म्हणायची टूम निघाली होती. माझं डोकंच फिरायचं. तीस वर्षं दर उन्हाळ्यात जी बाई मसाला कुटायला सगळ्यांच्या आधी मुसळ उचलायची, ती बिचारी? हट! मी प्रेमा, मूळची देवगडची. बावीस वर्षं फ्रेडाच्या भिंतीला माझी भिंत. काय झालं ते मीच सांगते, कारण त्या मूर्खपणात मीही होते.

सहा वर्षांपूर्वी फ्रेडाच्या किडन्या कमजोर झाल्या. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा आणि प्रोटीनही कमी, किडनीवर भार नको. तेव्हा ते बरोबरच होतं. पण तिचा नवरा बॅप्टिस्ट पडला दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याने डॉक्टरांचा तक्ता चांगल्या जाड पत्र्यावर लाल ऑइलपेंटने रंगवला. ‘डाळ दोन चमचे. अंडं नाही. मासा नाही. चिकन नाही.’ आणि टांगला कुठे, तर घरातल्या अल्तारीशेजारी, येशूच्या देव्हाऱ्याला लागून! येणारा-जाणारा आधी छातीवर क्रूस काढायचा, मग पत्रा वाचायचा.

झालं, अख्खं गावठाण पहारेकरी. कुठे जेवायला गेली की कुणीतरी तिच्या पुढची प्लेट उचलणारच. मीसुद्धा बांगड्याचं तिखलं द्यायची बंद झाले. दुधीची भाजी पाठवायची आणि स्वतःला शहाणी समजायची.

मग गेल्या वर्षी किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. पत्रा मात्र तिथेच. फ्रेडाचे दंड वाळले, पाय सुजले, केस कंगव्यात यायला लागले. खुर्चीतून उठवायला दोघं लागायचे. सगळे म्हणायचे, मशीनच असं करतं. तिच्या धाकट्या मुलाचं, एल्टनचं लग्न तीन महिन्यांवर आलं होतं. तिची नणंद पेट्रिशिया तिच्या तोंडावर म्हणाली, “देवा, तेवढं लग्न बघू दे हिला.”

पण फ्रेडाला लग्न नुसतं बघायचं नव्हतं. इथल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून बायका विहिरीवर जातात, नवरदेवाच्या आंघोळीचं पाणी आणायला. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. “माझ्या पोराचं पाणी मी आणणार. माझ्या पायांनी,” फ्रेडा म्हणायची. आम्ही माना डोलवायचो आणि मागे व्हीलचेअरची चौकशी करायचो.

एकदा बॅप्टिस्टला ताप होता म्हणून तिच्याबरोबर डायलिसिसला मी गेले. तिथे श्रुतिका नावाची आहारतज्ज्ञ पोरगी आली. रिपोर्ट बघितला, फ्रेडाचा दंड दाबून बघितला.

“आंटी, खाता काय?”

“दुधी, भात, साबुदाण्याची पेज,” फ्रेडा अभिमानाने म्हणाली. “अंड्याला सहा वर्षं हात नाही लावला.”

पोरीचा चेहराच पडला. “अहो, तो नियम मशीनच्या आधीचा! आता प्रत्येक डायलिसिसला थोडं प्रोटीन बाहेर जातं. ते भरून नको काढायला? आता पहिल्यापेक्षा जास्तच खायचं. मीठ, पाणी, केळी, नारळपाणी यांची बंदी तशीच. पण अंडं, मासा, चिकन रोज हवं. मशीन सुरू झालं तेव्हा कागद दिला होता ना आम्ही?”

रिक्षा करून घरी आलो. घरात शिरल्या शिरल्या फ्रेडा म्हणाली, “प्रेमा, स्टूल घे. तो पत्रा काढ.”

बॅप्टिस्ट ताप विसरून उठला. कागदाचं विचारलं तर मान खाली घातली. फाइलच्या तळातून काढून दिला. “अंडी, मासे, चिकन लिहिलं होतं गं. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच पेशंटचा कागद आला.”

“आठ महिने मला उपाशी ठेवलंस रे!” फ्रेडा ओरडली. “मी मरेन म्हणून घाबरलात आणि सगळ्यांनी मिळून मलाच मारायला निघालात!” मग माझ्याकडे वळली. “तू पण, प्रेमा. तू पण!” मला इतकी लाज वाटली की सांगायची सोय नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब सकाळी ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून. हातात दोन उकडलेली अंडी. आत बसून खाईल तर शपथ! कुणी थबकलं, “अगं फ्रेडा, अंडं?” की हिचं ठरलेलं, “हो, अंडं. उद्या पण बघायला ये.” दुपारी माझ्याकडचा मासा, रात्री चिकनचे दोन तुकडे. सगळं बिनमिठाचं, शिव्या घालत खायची, पण संपवायची. पहिले पंधरा दिवस काही फरक नाही. पेट्रिशिया म्हणालीच, “वाट लावून घेणार ही.” मलाही मनातून धाकधूक. मग हळूहळू सूज उतरली. एके दिवशी हाक मारली तर फ्रेडा स्वतः उठून दारात आली. मी रडलेच.

बॅप्टिस्ट मात्र तो काढलेला पत्रा घेऊन मागच्या पडवीत जायचा, तो तासन्‌तास नजरेला पडायचा नाही.

उंबराच्या पाण्याच्या दिवशी बँड वाजला. फ्रेडा लुगडं नेसून, कमरेवर छोटी कळशी घेऊन निघाली. वाटेत दोनदा थांबली, पण कळशी कुणाला दिली नाही. विहिरीवरून परत आली तेव्हा घामाने निथळत होती. मांडवात बसली आणि म्हणाली, “प्लेट आणा माझी.”

तिचं बिनमिठाचं चिकन समोर आलं. पेट्रिशियाचा हात सवयीने पुढे गेला. “फ्रेडा, तुला हे...”

“थांब,” बॅप्टिस्ट म्हणाला. आत गेला आणि तोच पत्रा घेऊन आला. जुनी अक्षरं घासून काढलेली, वर ताजा लाल रंग. मांडवाच्या खांबाला त्याने तो सगळ्यांसमोर टांगला.

‘फ्रेडा खाणार. चूक माझी होती. बॅप्टिस्ट.’

फ्रेडाने पत्रा वाचला. मग पहिला तुकडा तोंडात घातला आणि बाजूची खुर्ची त्याच्यासाठी ओढली.