कैलासचं चकोट डोकं आणि नानांचं ‘शे’

दोन माणसं आणि एक मशीन एका खोलीत कोंडा, किस्से आपोआप साठतात. आमच्या जळगावच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये मी आणि कैलास, दोघेही मास्तर. स्क्रीनवर शब्द चमकवायचे. हवा तो शब्द दिसला की मेंदू बारीकसा दचकतो. ते दचकणं डोक्यावरच्या टोपीतून टिपायचं आणि डीप लर्निंगच्या मॉडेलला ओळखायला शिकवायचं. मला हे माझ्या वडिलांसाठी हवं होतं. धुळ्याला नाना लकवा मारल्यापासून बोलत नाहीत. तसे पूर्वीही कमीच बोलत. आईने काही अडचणीचं विचारलं की म्हणायचे, “चहा ठेव!”

दोघांची मॉडेलं वेगवेगळी, पण चालायचं मात्र कायम कैलासचंच! जळायचो मी.

*

पहिल्या दिवशी चाचणीसाठी कॉलेजची पोरं आली ती डोक्याला तेल चोपडून. “सर, डोकं तपासणार म्हटल्यावर आईने लावून पाठवलं!” तेलामुळे सिग्नल धड येईना. दुसऱ्या दिवशी कैलास स्वतःचंच डोकं चकोट करून हजर. “भाऊ, आता बघ!” सिग्नल एकदम स्वच्छ.

मीही न्हाव्याकडे निघालो, तर बायको दारात आडवी. “वडील हयात आहेत तुमचे. खबरदार!”

कैलासचे वडील कधीच गेले. म्हणजे यातही सोय त्याचीच!

*

एकदा माझं मॉडेल अचानक सगळं बरोबर सांगू लागलं. मी लॅबमध्ये शेवभाजी मागवली. कैलासने पहिला घास घेतला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, पोरगं ‘हो’ दिसलं की पापणी मारतंय. तुझं मॉडेल डोळे वाचतं, मेंदू नाही!”

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. वर शेवभाजीही त्यानेच संपवली.

*

पेपरवाले आले. टोपी घातलेल्या कैलासचा मोठा फोटो छापून आला, कडेला माझं कोपर. आईने तो कापून भिंतीवर लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, “हाई कोपर मना पोऱ्यानं शे!”

*

शेवटी मशीन धुळ्याला नेलं. नानांचं डोकं आईकडून शिकेकाईने धुऊन घेतलं. स्क्रीनवर ‘आहे’, ‘नाही’, ‘पाणी’, ‘चहा’ चमकवले. सकाळ गेली, नानांच्या डोक्यातून काही येईना. नाइलाजाने कैलासला बोलावलं. माझ्याच बापासाठी!

तो आला, नानांचे पाय धरले, स्क्रीन पाहिली आणि हसला. “भाऊ, नाना मनमा अहिराणी बोलतस. ‘आहे’ कोनले सांगस?”

त्याने ‘आहे’ काढून ‘शे’ टाकलं, ‘नाही’चं ‘नही’ केलं. मग नानांच्या कानाशी वाकला. “नाना, तुमना पोऱ्या हुशार शे का?”

शब्द चमकत राहिले. स्क्रीन थांबली. ‘शे’.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण जीभ कुठे राहते गप्प! मी विचारलंच, “कैलासपेक्षा?”

शब्द पुन्हा चमकू लागले. नाना एकटक बघत होते. कैलासही. स्क्रीन थांबली.

‘चहा’.

आई पदर डोळ्यांना लावत चहा ठेवायला उठली. “बोलनात, माय! तेच बोलनात!”