मयुरीच्या हळदीतली कासवं

माझ्या मुलीच्या हळदीला एकशे चार पाहुणे आमंत्रण नसताना आले, आणि त्यांना बोलवायची सगळी तयारी मी स्वतःच्या हातानं केली होती.

बोर्ली पंचतनला माझं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. ते पोटासाठी. मनानं मी कासवमित्र! आमच्या गावच्या किनाऱ्यावर दरवर्षी समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. पहाटे फिरून त्यांची घरटी शोधायची, अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरायची आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची, हे काम मी सात वर्षं करतोय. (विनामूल्य. व्याख्यानही विनामूल्य, कोणी मागितलं नसलं तरी.) इंजिन बंद पडलं म्हणून घामाघूम होऊन आलेल्या, बोट चालवणाऱ्या तांडेलाला मी आधी कासवाची मादी हजारो मैल फिरून आपल्या जन्माच्या किनाऱ्यावर कशी परत येते ते सांगतो, मग त्याच्या पिस्टनकडे वळतो.

माझा सगळ्यात आवडता धडा उजेडाचा. पिल्लू वाळूतून वर येतं तेव्हा त्याला वाट दाखवायला आई नसते. ते फक्त सगळ्यात जास्त उजेड कुठं आहे ते बघतं आणि तिकडं चालत सुटतं. अंधारात समुद्रावरचं आभाळ उजळ दिसतं, म्हणून ते बरोबर पाण्यात पोहोचतं. पण किनाऱ्यावर कोणी दिवा लावला की संपलं! पिल्लू उलटं जमिनीकडे जातं आणि तिथं कुत्री, कावळे, माणसांचे पाय. हे सांगून सांगून मी हंगामात अख्ख्या आळीचे मागच्या दारचे बल्ब बंद करायला लावले होते. शेजारचे लोक माझ्यामुळे तीन वर्षं मागच्या पडवीत चाचपडत वावरत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी माझी बायको सुनंदा घरामागच्या वाळूत जवळा सुकत घालायला गेली आणि तशीच परत आली.

"अवो, जरा बगायला या. वाळूवर कसली तरी खूण हाय."

मी चहाचा कप हातात घेऊन गेलो. लांबून बघितलं. (जवळ जायला चपला घालाव्या लागल्या असत्या.)

"ट्रॅक्टरचा टायर आहे," मी म्हणालो.

"पाण्यातनं वर आलाय आन् परत पाण्यात गेलाय. मंग ट्रॅक्टर काय बुडाला?"

"वाळू भरायला आला असेल. अगं, सात वर्षं मी हेच बघतोय! कासवाची खूण मला झोपेतसुद्धा ओळखता येते."

"मंग जागेपनी बगा की," ती म्हणाली. मी चहा पिऊन कासवं शोधायला गावाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेलो.

एप्रिलमध्ये मयुरीचं लग्न ठरलं. हळद घरामागच्या वाळूवर, समुद्राला पाठ करून मांडव. आम्हा कोळ्यांच्या हळदीत कसर ठेवलेली चालत नाही. बेंजो पार्टी होती, अडीचशे माणसांचं मटण होतं आणि मांडवाचं काम रशीदभाईंकडे होतं. वीस वर्षं मस्कतला काढून आलेला हा माणूस, माझा लहानपणापासूनचा दोस्त.

"रशीदभाई, आठ हॅलोजन लावा. व्हिडिओ झकास आला पाहिजे."

"मिस्त्री, आठ? तुम्हीच बोलता ना, किनाऱ्यावर बत्ती नको?"

"जिथं घरटी आहेत तिथं नको. या पट्ट्यात एकही घरटं नाही, मी जबाबदारीनं सांगतो!"

"बत्ती माझी, जबाबदारी तुमची. इन्शाल्ला काही होणार नाही," असं म्हणून त्यांनी जनरेटर जागेवर आणला. आळीतल्या बायका आपापल्या अंधाऱ्या पडवीतून आमचे हॅलोजन बघत होत्या. त्यांच्या मनात माझ्याविषयी काय चाललं असेल ते मला आज नीट समजतं.

संध्याकाळी सूर्य बुडाला आणि हळद सुरू झाली. मयुरी पाटावर बसली. गोमूआत्या, म्हणजे आमची धवलारीण, लग्नाचे धवळे गाऊन सगळे विधी पार पाडणारी म्हातारी, तिनं सूर लावला. हळद लागली, बेंजो वाजला, लोक नाचायला लागले. मी नव्या झब्ब्यात व्हिडिओवाल्याच्या समोरून चौथ्यांदा सहज फिरत होतो. तेवढ्यात माझी मेव्हणी किंचाळली.

"खेकडा! माझ्या पायावर खेकडा!"

"खेकडाच आहे, घाबरायचं काय त्यात?" मी तिथूनच ओरडलो. (तज्ज्ञ माणसाला वाकून बघावं लागत नाही.)

मग दुसरी किंचाळली. मग तिसरी. मग बेंजोवाल्यानं वाजवता वाजवता दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. आणि मयुरीनं पाटावरून अगदी शांत आवाजात हाक मारली.

"पप्पा, हळदीच्या ताटात कासव आहे."

मी वाकलो. ताटात खरंच मुठीत मावेल एवढं पिल्लू होतं, नखशिखांत पिवळं, आणि वल्ह्यांसारखे पाय मारत ताटाच्या काठावर चढत होतं. मांडवाच्या समुद्राकडच्या खांबापाशी वाळू खचली होती आणि त्या खड्ड्यातून पिल्लांवर पिल्लं उसळून वर येत होती. सगळ्यांची तोंडं आठ हॅलोजनकडे! पुढची फळी तर मटणाच्या चुलीकडे निघाली होती. अडीचशे माणसं नाचत होती आणि त्यांच्या पायांत आपला जीव घेऊन ती एवढीशी पिल्लं चालली होती, फक्त माझ्या शहाणपणामुळे.

"कोणी हलू नका! पाय उचलू नका! रशीदभाई, बत्ती बंद करा!"

जनरेटर बंद झाला. मिट्ट काळोख! मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्याच क्षणी, काय दिसतंय ते बघायला, अडीचशे माणसांनी आपापल्या मोबाईलचे टॉर्च लावले!

आता पिल्लांना एकाच्या जागी अडीचशे समुद्र दिसायला लागले. ती चारी दिशांना पांगली. एक नवऱ्या मुलाच्या मामाच्या बुटात गेलं. दोन बेंजोखाली. एक व्हिडिओवाल्याच्या मागे लागलं, तो कॅमेऱ्याचा लाइट न विझवता मागं मागं सरकत राहिला आणि पाण्याच्या पिंपात बसला.

"मोबाईल बंद करा!" मी बोंबललो. कोणी ऐकेना. त्यांनी माझं सात वर्षं ऐकलं होतं, त्यांचाही काही दोष नाही.

मग गोमूआत्या उठली. आयुष्यभर माइकशिवाय धवळे गायलेला आवाज तो!

"जो बत्ती लावील त्याला मटान न्हाय!"

एका दमात अडीचशे टॉर्च विझले.

आता पाण्यापाशी एकच दिवा हवा होता, म्हणजे पिल्लं तिकडं वळली असती. माझ्या पायांशी सात-आठ पिल्लं होती, मला पाऊल उचलता येईना. सगळ्यांचीच तीच गत. वाट मोकळी होती ती फक्त मयुरीची, कारण पाटाभोवती कोणी नाचत नव्हतं. माझा उजेडाचा धडा तिला पाठ होता, ती पाटाशेजारची बॅटरी घेऊन उठली.

"थांब!" तिची होणारी आजेसासू कडाडली. "हळद लागलेल्या पोरीनं येशीभाईर पाय टाकायचा न्हाय!"

मयुरी थबकली. सगळे गोमूआत्याकडे बघायला लागले. रीतभात तिच्या हातात. तिनं क्षणभर समुद्राकडे पाहिलं.

"समिंदर कवापासून येशीभाईर झाला गं? कोळ्याच्या पोरीचं पुढचं आंगनच हाय त्ये. जा पोरी!"

हळदीनं माखलेली माझी मुलगी जपून पाऊल टाकत खाली गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि तिनं बॅटरी लावली. क्षणभर काही झालं नाही. मग एक पिल्लू वळलं. मग चार. मग सगळी फौज तिच्या दिशेनं सरकायला लागली. वाट चुकलेल्यांना लोक दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून पुढं देत होते, या हातातून त्या हातात. आजेसासूनंही पदर खोचून तीन पोचवली. रशीदभाई "बिस्मिल्ला, बिस्मिल्ला" करत मामाचा बूट दोन्ही हातांत धरून पाण्यापर्यंत गेले. सुनंदा लाटेच्या काठावर उकिडवी बसून मोठ्यानं मोजत होती.

ताटातलं पिवळं पिल्लू मी स्वतः नेलं. ते लाटेपाशी थांबलं, मान वर केली आणि पुढच्या लाटेनं त्याला उचलून नेलं.

"एकशे चार!" सुनंदा ओरडली.

काय ओरडले सगळे! बेंजोवाल्यांनी काळोखातच वाजवायला सुरुवात केली, मी झब्ब्यासकट पाण्यात नाचलो आणि मला रडू आलं ते लपवायची गरजही वाटली नाही. सकाळी वनरक्षकांनी खड्डा उकरून अंड्यांची रिकामी टरफलं मोजली. एकशे चारच भरली. एकही पिल्लू वाया गेलं नव्हतं! त्यांच्या वहीत "घरटे प्रथम कोणी पाहिले" असा रकाना असतो. सुनंदानं त्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि माझ्याकडे न बघता पेन परत दिलं.

त्या हळदीचा व्हिडिओ (पिंपात पडेपर्यंतचा) दोन दिवसांत दिघीपासून रेवदंड्यापर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. आठवड्याभरात मला फोन आला.

"कासवांच्या हळदीवाले मिस्त्री तुमीच का? आमच्या पोरीची हळद हाय येत्या रविवारी. पिल्लं मिळतील? शंभर न्हायत लागत, एकवीस आली तरी चालतील."

मी त्याला सगळं सांगितलं. ती रानची, म्हणजे समुद्राची लेकरं आहेत, ती ऑर्डरनं येत नाहीत, उजेड, अंधार, कायदा, निसर्ग, सगळं. त्यानं वीस मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं.

"समदं पटलं मिस्त्री. फकस्त येवढं सांगा, ती किती वाजता येतात?"

"ते मला कळत असतं," मी म्हणालो, "तर मी माझ्या मुलीच्या हळदीची वेळ बदलली नसती का?"

"मंग ज्याला कळतंय त्याचा नंबर द्या," तो म्हणाला.

मी सुनंदाचा दिला.